वांग्याची रोपे आणि अप्पांचा रक्तदाब

फेब्रुवारी उजाडला की रक्तदाब मोजण्यासाठी माझ्यासमोर येणाऱ्या वृद्ध हातांच्या नखांत माती दिसू लागते. बोईसर-तारापूरचा हा पट्टा परगावाहून आलेल्या माणसांचा आहे. गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत कारखान्यांतील नोकरीसाठी कोणी खानदेशातून आले, कोणी साताऱ्या-सांगलीकडून, कोणी विदर्भातून. निवृत्त झाल्यावर अनेकांनी येथेच घर केले. शेत गावी राहिले, शेतीची सवय मात्र सोबत आली. थंडी ओसरू लागली, वाणगावच्या मळ्यांतून हिरव्या मिरच्या बाजारात दिसू लागल्या, की या मंडळींचे हात शिवशिवतात. कोणाची इमारतीमागे हातभर जागा असते, कोणाची गच्ची, कोणाच्या खिडकीत पाच कुंड्या. तेथे वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपे लावण्याची लगबग सुरू होते, आणि तिच्या मागोमाग घरच्यांची तक्रार माझ्याकडे येते.

चार वर्षांपूर्वी अशीच एक तक्रार आली होती. ती आज सांगतो, कारण त्या वेळी मी दिलेला सल्ला चुकीचा होता.

शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ. घरात त्यांना सारे अप्पा म्हणतात. मूळचे जळगाव जिल्ह्यातले, कारखान्यातून निवृत्त झालेले. दर वर्षी गावाहून भरिताच्या हिरव्या वांग्याचे बी मागवायचे, जानेवारीत ट्रेमध्ये पेरायचे आणि महिन्याभराने रोपे वाफ्यात लावायची, हा त्यांचा नेम. त्या वर्षी रोपे लावून उकिडवे बसलेले अप्पा उठायला गेले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते वाफ्यातच बसले. सूनबाई त्यांना घेऊन आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्हीच सांगा आता अप्पांना. आमचं ऐकत नाहीत. काही झालं तर लोक आम्हालाच बोलतील.”

मी अप्पांना बसवले, रक्तदाब मोजला, तो १४६/८४ भरला. साखर पाहिली, कार्डिओग्राम काढला. सारे बरे होते. बाहेर गर्दी होती. मी म्हणालो, “अप्पा, आता वय झालं. बाग पुरे. आराम करा.” सूनबाईंचा जीव भांड्यात पडला. अप्पा काही बोलले नाहीत.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत अप्पांचे वजन चार किलोंनी उतरले. सकाळी उठून करण्यासारखे काही उरले नाही, म्हणून ते उशिरा उठू लागले, भूक मंदावली, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला. श्रावणात ते रात्री लघवीला उठले आणि न्हाणीघराच्या दारात पडून त्यांचे मनगट मोडले. बाग बंद केली ती पडू नयेत म्हणून, आणि पडले ते घरात.

प्लास्टर घातलेल्या अवस्थेत ते पुन्हा माझ्यापुढे बसले, तेव्हा जे फेब्रुवारीतच करायला हवे होते ते मी केले. पाच मिनिटे बसवून रक्तदाब घेतला, मग उभे केले आणि एका मिनिटाने पुन्हा घेतला. तो ११४/७२ होता. वरचा आकडा बत्तीसने घसरला होता. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा खालचा दहाने उतरला, तर ते लक्षण गंभीरपणे घ्यावे असा वैद्यकातील साधा नियम आहे. मला तो विद्यार्थिदशेपासून ठाऊक होता. उभे करून मोजायला लागणारी तीन मिनिटे मी वाचवली होती.

असे का होते ते समजून घ्या. आपण उकिडवे बसतो तेव्हा मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू आणि दुमडलेल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. एकदम उठलो की रक्त पायांकडे धावते. तरुण शरीर क्षणार्धात रक्तवाहिन्या आवळते, हृदयाची गती वाढवते आणि मेंदूचा पुरवठा राखते. वार्धक्यात ही यंत्रणा सुस्तावते. त्यात उन्हाने घाम गेलेला असतो, तहान मात्र वयानुसार बोथट झालेली असते. आणि त्यात औषधांची भर. अप्पा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होते आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन. ही दुसरी गोळी प्रोस्टेटचे स्नायू सैल करते, पण काही जणांत रक्तवाहिन्याही सैल करते. दोन्ही गोळ्या ते सकाळच्या चहासोबत घेत आणि तासाभराने वाफ्यात उतरत. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी आपापल्या परीने योग्य अशी दोन औषधे दिली होती. ती एकाच माणसाच्या पोटात एकाच वेळी जातात याकडे पाहण्याचे काम माझे होते.

आम्ही लघवीच्या गोळीचा डोस कमी केला आणि प्रोस्टेटची गोळी, त्यांच्या तज्ज्ञांना विचारून, रात्रीच्या जेवणानंतर ठेवली. रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटे बसायचे आणि दिवा लावूनच पाऊल टाकायचे, हेही घालून दिले. (हे वाचून आपली गोळी आपण होऊन बंद करू नका. गोळ्यांची सारी पाकिटे एका पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि “मला उभे करून रक्तदाब मोजा” असे स्पष्ट सांगा. डॉक्टर घाईत असतील तर घरच्या यंत्रावर मोजून आकडे कागदावर लिहून न्या.)

पुढच्या माघात मी अप्पांना रोपे लावायला परवानगी दिली. परवानगी हा शब्दही खरे तर उद्धटपणाचा आहे. पण घरात तोच वापरला गेला.

येथे मला एक गोष्ट उमगली, जी कोणत्याही शेतकऱ्याने मला आधीच सांगितली असती. रोपाला जी वेळ मानवते तीच म्हाताऱ्या शरीरालाही मानवते. परदेशांत वसंतातील लावणीची सारी चिंता दव गोठण्याची असते. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत मुलांकडे गेलेले आपल्यातले आजी-आजोबा मे महिना उजाडेपर्यंत रोपे खिडकीत घेऊन बसतात. आपल्याकडे कोकणात वैरी आहे तो ऊन. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून पूर्वेकडचे कोरडे वारे वाहू लागले आणि समुद्रावरचा वारा यायला उशीर झाला की पालघर किनाऱ्यावर पारा एकदम चढतो. सकाळी नऊ वाजता लावलेले रोप दुपारी माना टाकते, कारण उपटताना तुटलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत आणि पाने मात्र ते सोडत राहतात. म्हणून लावणी दुपार कलल्यावर, साडेचार-पाचच्या पुढे करावी. रोपाला पूर्ण रात्र मिळते. आणि लावणाऱ्यालाही खाऱ्या वाऱ्याची झुळूक मिळते. संध्याकाळच्या त्या कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळेल अशी आशा मात्र ठेवू नका. त्यासाठी लागणारे किरण तोवर मावळलेले असतात.

लावणीचे बाकीचे शास्त्र ज्येष्ठ वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल, तरी ज्यांनी हे प्रथमच हाती घेतले आहे त्यांच्यासाठी थोडे लिहितो. चार-पाच पानांचे, वीतभर उंचीचे, ठेंगणे आणि जाड दांड्याचे रोप निवडा. उंच, लुसलुशीत रोप दिसायला छान पण टिकायला वाईट. लावणीआधी तीन-चार दिवस पाणी थोडे कमी करा आणि रोज थोडे अधिक ऊन दाखवा, म्हणजे ते काटक होते. उपटण्यापूर्वी तासभर आधी ट्रे भिजवा. रोप पानांना धरून उचला, दांड्याला नव्हे. पान तुटले तर दुसरे येते. लावल्यावर मुळाशी माती बोटांनी दाबा, पाणी द्या आणि पहिले तीन-चार दिवस नारळाच्या झावळीची सावली करा. वांगी, टोमॅटो, मिरची हे स्थलांतर सोसतात. भेंडी, गवार, काकडी, दुधी यांना ते सोसत नाही. त्यांचे बी जागच्या जागीच टोचावे. अधिक माहिती हवी असेल तर डहाणू तालुक्यात कोसबाड येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथील मंडळींना आपल्या मातीची जाण आहे.

अप्पांची जागा मात्र आम्ही बदलली. वाफा सोडून कुंड्या, आणि कुंड्या जमिनीवर नव्हे तर कमरेइतक्या उंच बाकावर. समोर पाठ असलेली खुर्ची. उकिडवे बसणेच नाही, तर उठताना अंधारी येण्याचा प्रश्न उरत नाही, शिवाय गुडघ्यांची कटकट वाचते. पाणी घालण्याची मोठी झारी काढून घेतली. दहा लिटरची भरलेली झारी म्हणजे दहा किलो वजन, तेही एका हातात, ओल्या फरशीवर. त्याऐवजी अर्ध्या लिटरचा तांब्या दिला. अप्पा कुरकुरले, की तांब्याने पाणी देवाला घालतात. पण घालू लागले. लावणीला बसण्याआधी एक पेला पाणी स्वतः प्यायचे, मग रोपाला, असा क्रम सूनबाईंनी ठरवला. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे मोजमाप दिलेले आहे, त्यांनी हा पेला त्या मापातच धरावा.

आता कुंड्यांविषयी, कारण आपल्या भागाचा हा खास प्रश्न आहे. बोईसरच्या भंगारवाल्यांकडे निळे प्लास्टिकचे पिंप स्वस्तात मिळतात. आडवे कापले की दोन झकास कुंड्या होतात. अनेक गच्च्यांवर मी त्या पाहिल्या आहेत. त्या पिंपात पूर्वी काय भरलेले होते, हे विकणारा खात्रीने सांगू शकतो का? नसेल, तर त्यात खाण्याची भाजी लावू नका; साबणाने धुतल्याने खात्री मिळत नाही. झेंडू लावा. मातीचेही तेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर औद्योगिक क्षेत्राला देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले आहे. येथे राहणाऱ्यांना हे सांगायला मंडळाची गरज नाही. या कारणाने भाजी लावणेच सोडावे असे मी म्हणत नाही. परंतु नाल्याचे पाणी, नाल्यातून उपसलेला फुकटचा गाळ आणि कारखान्याच्या कुंपणालगतची माती भाजीला वापरू नका, पालेभाजीला तर मुळीच नाही. नळाचे पाणी, विश्वासू ठिकाणची माती आणि चांगले कुजलेले शेणखत एवढ्यावर चार कुंड्या सहज भागतात.

शेणखत म्हटले की मला धनुर्वात आठवतो, आणि येथे मी वाचकांना थोडे थांबायला सांगणार आहे. गंजलेला खिळा लागला की धनुर्वात होतो, असा समज आहे. दोष गंजाचा नसतो. धनुर्वाताच्या जिवाणूंची बीजे मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. वांग्याच्या देठाचा काटा, बांबूची काडी, कुंडीचा तुटका काठ, एवढीशी जखमही त्यांना पुरते. भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. आज जे सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांच्या बालपणी तो नव्हता. स्त्रियांपैकी अनेकींना बाळंतपणात धनुर्वाताची इंजेक्शने मिळाली. पुरुषांना? “लागल्यावर एक इंजेक्शन घेतले होते” हे उत्तर मी रोज ऐकतो. एका इंजेक्शनाने टिकाऊ संरक्षण मिळत नाही. पूर्ण क्रम तीन डोसांचा आहे: पहिला, त्यानंतर चार आठवड्यांनी दुसरा, दुसऱ्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरा, आणि मग दर दहा वर्षांनी एक. आता ‘टीटी’च्या जागी ‘टीडी’ ही लस देतात, तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण आहे. ती महाग नाही. नातवंडांच्या लसींचे कार्ड आपण जपून ठेवतो. आजोबांचे कार्ड कोणाच्या घरात आहे, ते आज पाहा. आणि ज्यांचे डोस झालेले नाहीत त्यांना माती-शेणाने मळलेली खोल जखम झाली, तर नुसत्या लसीवर भागत नाही. तयार प्रतिद्रव्यांचे वेगळे इंजेक्शनही लागू शकते. म्हणून जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, हळद भरून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मधुमेह असलेल्यांनी मातीत अनवाणी पाऊल ठेवू नये. पायाची जाणीव गेलेली असेल तर काटा रुतून राहिला तरी कळत नाही. तो घरच्यांना मोज्यावरच्या डागावरून कळतो, आणि तोवर आठवडा उलटलेला असतो. बागेतून आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, दुसऱ्या कोणीतरी तळवे पाहावेत. नातवाची नजर या कामाला उत्तम.

ज्यांची बाग जमिनीवर आहे त्यांना सापाचे सांगायला हवे. पालापाचोळ्याचे ढीग, रिकाम्या कुंड्यांची चळत, विटांचा ढिगारा येथे हात घालण्याआधी काठीने हलवा. आपल्या भागात फुरसे आहे, घोणस आहे, मण्यार आहे. दंश झाला तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काही करू नका. अंगठी-बांगडी काढा, हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. भगताकडे जाऊन मग दवाखाना, हा क्रम जिवावर बेततो. तसेच कीटकनाशक. चार कुंड्यांसाठी ते घरात आणूच नका. निंबोळी अर्क पुरतो. शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले औषध प्यायलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांतली सगळीच वाचली नाहीत.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची काळजी घेणारे वाचक विचारतात, की आमच्या आईला रोपे लावू द्यावीत का. जरूर द्यावीत. सकाळी लावलेले रोप ती दुपारी उपटेल, पुन्हा लावेल. उपटू द्या. जास्तीची रोपे आणा. बाजारात जुडीने मिळतात. ज्या हातांनी पन्नास वर्षे भाताची लावणी केली, ते हात मुलाचे नाव विसरल्यावरही रोप कसे धरायचे ते विसरत नाहीत, हे मी स्वतः अनुभवले आहे. फक्त त्या जागेतून कण्हेर आणि धोतरा काढून टाका. अशी व्यक्ती हाती आलेले पान तोंडात घालू शकते, आणि ही दोन्ही झाडे विषारी आहेत.

आणि जी मुले-सुना हे वाचत आहेत त्यांना एवढेच सांगतो, की “पुरे आता” हे म्हणणे सोपे असते. मीही तेच म्हणालो होतो. त्या दिवशी सूनबाईंची भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीवरचा उपाय बाग बंद करणे हा नव्हता. बाक सुताराकडून करून घ्यायला एक रविवार लागला. संध्याकाळी पाच वाजता अर्धा तास त्यांच्यासोबत उभे राहणे हे काम अवघड आहे, मला मान्य आहे. त्या वेळी स्वयंपाक असतो, मुलांचा अभ्यास असतो, बोईसरची गाडी उशिरा आलेली असते. रोज जमले नाही तरी चालेल. लावणीचे तीन-चार दिवस तेवढे सोबत राहा. पुढे रोपे मातीत रुजतात आणि माणूस आपल्या वेळेला आपण उठू लागतो.

अप्पांनी त्या माघात नऊ रोपे लावली. दोन उन्हाने गेली, एक मांजराने उकरले, सहा जगली. वैशाखात एका पिशवीतून दोन वांगी माझ्या टेबलावर आली, सोबत भरीत कसे भाजावे याच्या सूचना, आमच्या घरी ते गॅसवर भाजतात हे ऐकून अप्पांना झालेल्या दुःखासह. वजन तीन किलोंनी परत आले. मनगट थोडे वाकडे जुळले आहे, त्या हाताने ते रोप धरतात आणि दुसऱ्याने माती दाबतात.

त्यांचे टीडीचे दोन डोस त्या वर्षी झाले. तिसऱ्याच्या वेळी ते म्हणाले, “डॉक्टर, आता तर मी कुंडीतच लावतो, खाली बसतही नाही. हे एक इंजेक्शन सोडा की.” मी त्यांना बाही वर करायला सांगितले, आणि टोचण्याआधी एकदा उभे करून रक्तदाब घेतला.